कोलेस्टेरॉलला नाव देणारा माणूस १०२ वर्षं जगला: मिशेल शेव्रलची गोष्ट

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या आजीचं वय तेव्हा ८९. लॅबवाले घरी येऊन रक्त घेऊन गेले आणि संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ माझ्या फोनवर आली. घरात मी एकटाच इंजिनिअर, त्यामुळे वायफाय बंद पडण्यापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. टोटल कोलेस्टेरॉल २३८. आकडा लाल रंगात, शेजारी वर जाणारा बाण, आणि पुढे रेंज छापलेली: २०० च्या आत. मी लगेच फॅमिली ग्रुपवर फतवा काढला, आजपासून आजीचं तूप बंद.

त्या रात्री झोप येईना म्हणून कोलेस्टेरॉल हा शब्द आला कुठून ते शोधत बसलो. एका लिंकवरून दुसरीवर असं करत करत मी एका फ्रेंच केमिस्टपाशी पोचलो. त्याचं नाव मिशेल यूजेन शेव्रल. कोलेस्टेरॉलचं बारसं त्याने केलं. आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः १०२ वर्षं आणि ७ महिने जगला. त्याचं आयुष्य वाचता वाचता मला माझ्या फतव्याबद्दल शंका यायला लागली. ती का आली ते पुढे सांगतोच, आधी त्याला भेटू.

आँजे ते पॅरिस

शेव्रलचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ चा, फ्रान्समधल्या आँजे या गावातला. वडील डॉक्टर होते. तो तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली, म्हणजे शाळेत जायच्या वयात आजूबाजूला सगळी उलथापालथ. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: त्याचे आई आणि वडील, दोघंही नव्वदी ओलांडून गेले. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

१८०३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी तो पॅरिसला आला आणि निकोला वोक्लँ या नावाजलेल्या केमिस्टच्या लॅबमध्ये लागला. ही लॅब तिथल्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाशी जोडलेली होती. नाव संग्रहालय असलं तरी ती फक्त सांगाडे आणि भुसा भरलेले प्राणी ठेवायची जागा नव्हती. बाग, लॅब, प्रोफेसर, व्याख्यानं असा तो सगळा संशोधनाचा कारखाना होता. शेव्रल तिथे चिकटला तो जवळजवळ आयुष्यभरासाठी. आपल्याकडे दोन वर्षं एका कंपनीत काढली की लिंक्डइनवर अभिनंदनं सुरू होतात, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

साबणाच्या आत काय असतं?

१८११ च्या सुमारास त्याच्याकडे डुकराच्या चरबीपासून बनवलेल्या एका साबणाचा नमुना तपासायला आला. त्या काळी साबण हजारो वर्षं जुना होता, पण चरबीत खार घालून उकळलं की नेमकं काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. चरबी हा एकच पदार्थ आहे आणि तो खाराला जाऊन चिकटतो, एवढीच समजूत होती.

शेव्रलने साबण पाण्यात विरघळवला, आम्ल टाकलं आणि त्यातून मोत्यासारखे चमकणारे स्फटिक वेगळे काढले. मोत्याच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्यांना मार्गारिक ॲसिड म्हटलं. (बेकरीत वापरतात ते मार्गारिन, त्याचं नाव इथूनच आलं. पुढे कळलं की हे ॲसिड म्हणजे दोन वेगळ्या ॲसिडांचं मिश्रण होतं. नाव मात्र राहिलं.) मग पुढची दहाबारा वर्षं त्याने एकामागून एक चरब्या घेतल्या आणि प्रत्येकीचे तुकडे केले. डुक्कर, मेंढी, गाय, हंस, माणूस, लोणी, जे मिळेल ते. निष्कर्ष असा निघाला की चरबी म्हणजे फॅटी ॲसिडं आणि ग्लिसरीन यांची जोडी. खार घातला की जोडी तुटते, ॲसिड खाराशी जाऊन साबण बनतं आणि ग्लिसरीन सुटं होतं. ग्लिसरीन हे नावही त्यानेच दिलेलं. आज तुमच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड्स अशी जी ओळ असते ना, त्या शब्दाच्या पोटात हेच ग्लिसरीन बसलंय.

त्याची काम करायची पद्धत मला फार आवडली. पदार्थ शुद्ध आहे की नाही हे ठरवायला तो त्याचा वितळण्याचा बिंदू बघायचा. पुन्हा विरघळवा, पुन्हा स्फटिक करा, पुन्हा वितळवा. बिंदू हलत असेल तर अजून भेसळ आहे. हलायचा थांबला की मगच पुढे. डीबगिंग करणाऱ्या कोणालाही हा संयम कळेल.

याच कामात कोलेस्टेरॉल आलं. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये एक पांढरा, मेणचट, चकचकीत पदार्थ सापडतो हे १८ व्या शतकातच पुलेतिए नावाच्या फ्रेंच माणसाने पाहिलं होतं. पण फूर्क्रुआ या मोठ्या केमिस्टने त्याला आणखी दोन गोष्टींबरोबर एकाच डब्यात टाकलं होतं. एक व्हेलच्या डोक्यातलं मेण आणि दुसरा पुरलेल्या प्रेतांवर जमणारा मेणासारखा थर. तिन्ही दिसायला सारखे, म्हणून तिन्ही एकच, असा हिशोब.

शेव्रलने तिघांनाही खाराबरोबर उकळून बघितलं. प्रेतावरचा थर म्हणजे बऱ्याच अंशी आधीच साबण झालेली चरबी निघाली. व्हेलचं मेण खाराने तुटलं. खड्यातला पदार्थ मात्र ढिम्म. कितीही उकळा, साबण होईचना. म्हणजे हा त्या अर्थाने चरबी नव्हेच! १८१५-१६ च्या सुमारास त्याने त्याला वेगळं नाव दिलं, कोलेस्टेरीन. ग्रीकमध्ये कोले म्हणजे पित्त आणि स्टेरेओस म्हणजे घट्ट. घट्ट झालेलं पित्त, बस्स. हृदय, रक्त, तेलकट वडे यांचा या नावाशी काही संबंध नाही. पुढे हा रासायनिकदृष्ट्या अल्कोहोलच्या जातीचा पदार्थ आहे हे कळल्यावर शेवटचं ईन जाऊन ऑल आलं.

१८२३ मध्ये त्याने हे सगळं काम एका जाड ग्रंथात छापलं. १८२५ मध्ये गे-ल्युसाक या मित्राबरोबर मेणबत्तीचं पेटंट घेतलं. तेव्हा गरिबाघरी चरबीच्या मेणबत्त्या असायच्या, त्यांचा धूर आणि वास असह्य. शेव्रलच्या घट्ट स्टिअरिक ॲसिडची मेणबत्ती स्वच्छ जळायची. धंदा काही या दोघांना जमला नाही, पैसे नंतर दुसऱ्यांनी कमावले. पण युरोपातल्या घरातला रात्रीचा उजेड त्याच्या केमिस्ट्रीने बदलला.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. मधुमेही माणसाच्या लघवीतली साखर म्हणजे द्राक्षातलीच साखर, म्हणजे ग्लुकोज, हे त्याने १८१५ मध्ये दाखवलं. आणि १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून त्याने एक नवीन पदार्थ वेगळा काढला आणि मांसाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं क्रिएटिन. हो, तेच. जिमच्या बॅगेतल्या डब्यावरचं नाव आणि आजोबांच्या रिपोर्टवरचं नाव, दोन्ही एकाच माणसाची देणगी!

काळा रंग काळा का दिसेना

१८२४ मध्ये त्याला गोबलँच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख नेमलं. गोबलँ म्हणजे पॅरिसमधला सरकारी कारखाना, राजवाड्यांसाठी भिंतीवरचे विणलेले भव्य पडदे तिथे बनायचे. आल्याआल्या तक्रारींचा ढीग. त्यात एक तक्रार काळ्या लोकरीची होती. निळ्या-जांभळ्या भागात सावली दाखवायला काळा धागा वापरला की तो फिका, मेलेला दिसतो. रंग खराब आहे, रंगारी चोर आहेत, असं विणकरांचं म्हणणं.

शेव्रलने काळा धागा तपासला. इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या लोकरी मागवल्या आणि शेजारी ठेवून बघितल्या. रंगात काहीच दोष नव्हता. घोळ डोळ्यात होता. कोणताही रंग आपल्याला एकटा दिसत नाही, शेजारचा रंग त्याला ओढतो. निळ्याच्या शेजारी ठेवलेल्या काळ्यावर डोळा निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, छटा चढवतो आणि काळ्याचा जोर जातो. तोच धागा पांढऱ्यावर ठेवा, लख्ख काळा. १८३९ मध्ये यावर त्याचं मोठं पुस्तक आलं. रंगांच्या एकाच वेळी दिसणाऱ्या विरोधाचा नियम असा त्याचा विषय. पुढे त्याने ७२ रंगांचं एक वर्तुळही बनवलं. सेरा आणि सिन्याक हे चित्रकार त्याच्याच नियमांवरून ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं काढायला लागले.

माझ्या पहिल्या नोकरीत मला एकदा बग आला होता: दोन पानांवर राखाडी बटणाचा रंग वेगळा दिसतो. मी अर्धा दिवस कोड चाळला. हेक्स कोड अगदी तोच. एका पानाचं बॅकग्राउंड पांढरं होतं, दुसऱ्याचं गडद, एवढाच फरक. शेव्रल तेव्हा माहीत असता तर अर्धा दिवस वाचला असता. तुम्हीही करून बघा. फोनवर एकाच राखाडीचे दोन चौकोन काढा, एक काळ्यावर, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल.

हा धागा जरा मनात धरून ठेवा.

लंबकाचा भ्रम

त्या काळात पॅरिसमध्ये लंबकाचं फॅड होतं. दोऱ्याला अंगठी किंवा वजन बांधून पाऱ्यावर धरलं की ते आपोआप हलतं, वगैरे. शेव्रलने स्वतः धरून बघितलं आणि खरंच हललं! इथे बहुतेक लोक रील बनवून मोकळे झाले असते. त्याने हाताला आधार दिला, हलणं कमी झालं. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मधे काच सरकवली की नाही ते दुसऱ्याला ठरवायला लावलं. परिणाम गायब. म्हणजे हलवत होता तो स्वतःच, फक्त त्याला पत्ता नव्हता. हे त्याने १८३३ मध्ये अँपियरला पत्रातून कळवलं. हो, विजेच्या प्रवाहाचं एकक ज्याच्या नावाने आहे तोच अँपियर. आणि टेबलं हलवून आत्मे बोलवायची लाट आली तेव्हा, १८५४ मध्ये, यावर पुस्तकही काढलं. आज औषधांच्या चाचण्यांमध्ये कोणाला गोळी मिळाली आणि कोणाला साखरेची वडी हे लपवून ठेवतात, ती कल्पना याच घराण्यातली.

बाकी आयुष्य सरळ रेषेत गेलं. १८१८ मध्ये लग्न, एक मुलगा, १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक, पुढे संग्रहालयाचा संचालक. १८६२ मध्ये बायको गेली. जानेवारी १८७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घालून तोफा डागल्या आणि गोळे संग्रहालयाच्या बागेतल्या काचघरांवर पडले, तेव्हा संचालक शेव्रल ८४ वर्षांचा होता. तो पॅरिस सोडून गेला नाही. विज्ञान अकादमीपुढे त्याने या हल्ल्याचा लेखी निषेध नोंदवला. संचालकपद सोडलं १८७९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. काम तरीही चालूच. स्वतःला तो फ्रान्समधला सगळ्यात जुना विद्यार्थी म्हणवून घ्यायचा. आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या काळात त्याने विषय घेतला म्हातारपणाचा: खूप वय झालं की माणसाच्या शरीरात काय होतं. नमुना घरचाच होता.

मग त्याचं स्वतःचं कोलेस्टेरॉल किती होतं?

कोणी मोजलंच नाही. रक्तात कोलेस्टेरॉल असतं हे १८३३ मध्ये बुदे नावाच्या फ्रेंच केमिस्टने दाखवलं होतं, पण रोग्याच्या रक्तात ते मोजणं ही शेव्रलच्या हयातीत नेहमीची तपासणी नव्हती. हृदयाशी नातं जुळलं ते नंतर. १९१० मध्ये विंडाउस या जर्मन केमिस्टला रोगट महाधमनीत निरोगी धमनीच्या कितीतरी पट कोलेस्टेरॉल सापडलं. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्हने सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत थर जमलेले दाखवले. १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि मध्यमवयात जास्त कोलेस्टेरॉल म्हणजे पुढे हृदयविकाराचा जास्त धोका, हे पक्कं झालं. इथे काही वाद नाही. तुम्ही तिशीत असाल आणि एलडीएल वर असेल तर ते मनावर घ्याच. आजीचं उदाहरण देऊन पळ काढू नका.

पण अगदी म्हाताऱ्या माणसांचं काय?

शेव्रलची शंभरी झाली १८८६ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, डिसेंबर १९८६ मध्ये, हॉलंडमधल्या लायडन शहरात ८५ आणि त्यापुढच्या ७२४ लोकांचं कोलेस्टेरॉल मोजून त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवायला सुरुवात झाली. निकाल १९९७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. त्या दहा वर्षांत ६४२ जण वारले. आणि हिशोब उलटा निघाला! कोलेस्टेरॉल साधारण ३९ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर मरणाचा धोका १५ टक्क्यांनी कमी. हृदयविकाराने जाण्याचा धोका कमी-जास्त कोलेस्टेरॉलच्या गटांत जवळपास सारखाच होता. फरक पडला तो कॅन्सर आणि जंतुसंसर्गात, जास्त कोलेस्टेरॉलवाले त्यांनी कमी गेले. २००१ मध्ये होनोलुलूमधल्या जपानी वंशाच्या ७१ ते ९३ वर्षांच्या पुरुषांवरचा अभ्यास आला. त्यातही दीर्घकाळ कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण जास्त दिसलं.

एवढं वाचून व्हॉट्सॲपवर लोक लगेच लिहितात की कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा कट आहे, गोळ्या फेका. थांबा जरा. शेव्रलचा लंबक आठवा, हलतंय एवढं बघून कोण हलवतंय ते ठरत नाही.

नव्वदीतल्या माणसाचं कोलेस्टेरॉल कमी असतं ते का? बऱ्याचदा माणूस आतून आजारी असतो म्हणून. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृत बनवतं. जुनाट सूज असेल, कुठे कॅन्सर लपलेला असेल, खाणं सुटून वजन उतरत असेल, तर ते बनणं घटतं आणि आकडा खाली येतो. म्हणजे कमी आकड्याने आजार आणला नाही, आजाराने आकडा खाली आणला. दुसरं म्हणजे जास्त कोलेस्टेरॉलने ज्यांचं नुकसान व्हायचं, त्यांतले बरेच जण साठी-सत्तरीतच गेलेले असतात. ८५ च्या रांगेत उभे असतात ते वाचलेले, आणि शेव्रलसारखे काही तर आईवडिलांकडूनच चिवट शरीर घेऊन आलेले.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. कोपनहेगनमधल्या ९१ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात ७० ते १०० वयातही एलडीएल जितकं जास्त, तितका हार्ट अटॅकचा धोका जास्त दिसला. २००२ च्या एका मोठ्या चाचणीत ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांपैकी निम्म्यांना स्टॅटिनची गोळी दिली. सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले, पण एकूण मृत्यूंत विशेष फरक नव्हता. यात विसंगती वाटते, पण प्रश्नच दोन वेगळे आहेत. हार्ट अटॅक येईल का हा एक, आणि हा माणूस अजून किती जगेल हा दुसरा. नव्वदीत मरणाच्या वाटा इतक्या असतात की एक बुजवली तरी एकूण बेरीज फारशी हलत नाही. आधी हृदयविकार झालेला नाही अशा पंचाहत्तरीपुढच्यांना नव्याने गोळी सुरू करावी का, यावर तर डॉक्टरांतही एकमत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

आता माझा फतवा. तूप बंद केल्यावर आजीने भातच सोडला. तिचं म्हणणं कोरडा वरणभात घशाखाली उतरत नाही. आई चोरून वाढायला गेली तर आजीच म्हणायची की नको, पोराने सांगितलंय. दीड महिन्याने नेहमीच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी तिला वजनकाट्यावर उभं केलं. अडीच किलो कमी! ४४ किलोच्या बाईत अडीच किलो. मग त्यांनी मागचे रिपोर्ट मागितले. दहा वर्षांपूर्वीही कोलेस्टेरॉल २३० च्या आसपासच होतं. कधी हृदयाचा त्रास नाही, शुगर नाही. त्यांनी मला शांतपणे समजावलं की या वयात २३८ वर स्थिर असलेल्या आकड्याने ते घाबरत नाहीत, तोच आकडा काही कारण नसताना १५० वर आला असता तर त्यांनी आधी तपासण्या सांगितल्या असत्या. तूप परत चालू झालं. मला आजीपेक्षा जास्त ओरडा आईकडून बसला.

ॲपला आजीचं वय माहीत असतं, पण आकडा लाल करायचा की नाही हे ठरवणारी ओळ बहुतेक वेळा एवढीच असते: २०० पेक्षा जास्त असेल तर लाल. असा कोड मी स्वतः नोकरीत लिहिलेला आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याला नावं ठेवत नाही. विणकरांनी काळ्या धाग्याला नावं ठेवली तेव्हा शेव्रलने शेजारचा रंग बघितला. आजीच्या २३८ च्या शेजारी ८९ हे वय, ४४ वरून उतरणारं वजन आणि दहा वर्षांचे जुने रिपोर्ट होते, आणि मी त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. हां, आणि तुमच्या घरी कोणाला आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल आणि गोळी चालू असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. तिथला हिशोब पूर्ण वेगळा आहे आणि तो डॉक्टरांनीच करायचा.

जगातली पहिली फोटो मुलाखत

शेव्रलच्या शंभरीला फ्रान्सने राष्ट्रीय सण केला. संग्रहालयात त्याचा पुतळा बसवला, सोन्याचं पदक काढलं, इंग्लंडहून राणी व्हिक्टोरियाचं पत्र आलं. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच महिन्यातली आहे. नादार हे पॅरिसमधले सगळ्यात प्रसिद्ध फोटोग्राफर. ऑगस्ट १८८६ मध्ये ते आपला मुलगा पॉल याला घेऊन शेव्रलकडे गेले. नादार प्रश्न विचारायचे, शेव्रल बोलायचा, पॉल फोटो काढायचा आणि एक लघुलेखक शब्द टिपून घ्यायचा. नुकत्याच आलेल्या वेगवान कोरड्या काचांमुळे, न थांबता बोलणाऱ्या माणसाचा फोटो हलायचा बंद झाला होता. ५ सप्टेंबरला ल जुर्नाल इल्युस्त्रे या साप्ताहिकात ते फोटो छापून आले. प्रत्येकाखाली तो त्या क्षणी काय बोलत होता ते. बोलताना माणूस दिसतोय आणि खाली शब्द आहेत, हा प्रकार जगात पहिल्यांदा झाला असं मानतात. आजचं सबटायटलवालं रील, फक्त १४० वर्षांपूर्वीचं आणि न हलणारं.

मजा म्हणजे ९७ व्या वर्षापर्यंत आपण फोटोग्राफीच्या विरोधात होतो, असं त्याने याच मुलाखतीत कबूल केलं. तीन वर्षांपूर्वी शरण गेलो म्हणे. पाश्चरच्या कामावर बोलला, बलूनच्या उड्डाणांवर बोलला, आणि रंगांवर तर बोलतच राहिला. लोकांना अर्थातच दीर्घायुष्याचं रहस्य हवं होतं. आपण आयुष्यभर फक्त पाणी प्यायलो, असं त्याने सांगितलं, आणि वर हेही की आपण आँजूच्या वाइन मंडळाचे अध्यक्ष आहोत, पण मानद. पाण्याचं श्रेय किती आणि नव्वदी पार केलेल्या आईवडिलांचं किती, ते तुम्हीच बघा.

शेवटची दोन वर्षं पॅरिसमध्ये आयफेल टॉवर वर चढत होता आणि म्हातारा गाडीत बसून तो बघायला जायचा. टॉवर ३१ मार्च १८८९ ला पूर्ण झाला. त्याच सुमारास त्याचा एकुलता एक मुलगा वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ एप्रिलला, शेव्रल गेला. नोत्र दाममध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची नावं कोरलेली आहेत, त्यात त्याचं आहे. नावं लावली तेव्हा त्या ७२ पैकी फक्त दोघं जिवंत होते, त्यातला एक हा.

नादारचे ते फोटो आता मोफत बघायला मिळतात, नाव टाकून शोधा. टेबलाशी बसलेला, पांढरे केस विस्कटलेले, एका फोटोत हात वर करून काहीतरी पटवून देणारा. मी ते आजीला टॅबवर मोठे करून दाखवले आणि हा बघ तुझ्या कोलेस्टेरॉलचं नाव ठेवणारा, असं सांगितलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं की याचे दात स्वतःचे होते का.